तारीखवाले साडू

जगात असा एकही दिवस उगवलेला नाही, ज्या दिवशी आमच्या थोरल्या साडूंना कुणाचं ना कुणाचं मरण आठवलं नाही. तसे त्यांना जन्मही पाठ होते, लढायाही पाठ होत्या, कुठल्या तारखेला कुठलं जहाज बुडालं आणि कुठला पूल खुला झाला हेही पाठ होतं. पण त्यांचा आवाज खुलायचा तो मरणापाशी. सकाळी दाढीचं पाणी तापेपर्यंत दोन राजे आणि एखादा सेनापती त्यांनी मार्गी लावलेला असे. सीताबर्डीवर भाजी घेताना भेटले तरी नमस्काराच्या आधी विचारत, "आज काय झालं होतं, मालूम आहे का तुमाले?" मला ते कधीच मालूम नसे. मग शेकडो वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची बातमी ते आताच तार आल्यासारखी सांगत आणि माझ्या चेहऱ्यावर पुरेसं दुःख उमटलं की नाही हे पाहून मगच वांग्यांचा भाव करायला लागत.

नोकरीला ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. संत्र्याच्या हंगामात तिथे करंड्यांची थप्पी छताला भिडलेली असे, हमालांचा ओरडा चाललेला असे, आणि माल धाडायला आलेला व्यापारी पावतीसाठी हात पुढे करून उभा असे. पावतीवर तारीख घालताना साडूंचं पेन हमखास थबके. "शेटजी, आज के दिन एक बादशाह गुजर गया था," ते गंभीरपणे सांगत. व्यापारी "अरेरे" म्हणे आणि गाडी सुटायच्या आत करंड्या चढतील ना, असं काकुळतीला येऊन विचारी. साहेबांनी त्यांना दोनदा समज दिली. दोन्ही वेळी साडूंनी, त्या तारखेला कोणकोणत्या राजांना त्यांच्या दरबाऱ्यांनी छळलं होतं, ते साहेबांनाच ऐकवलं.

घरच्या कार्यांतही त्यांनी कुणाला सोडलं नाही. माझ्या लग्नात, बुंदीचं वाढप सुरू असताना ते पंगतीत उभे राहिले. मला वाटलं, नवदांपत्याला आशीर्वाद देतायत. त्यांनी सांगितलं, की याच तारखेला परदेशातल्या एका राजाचं मुंडकं उडवलं होतं. सासऱ्यांच्या हातातला घास हातातच राहिला. मुंडावळ्या बांधलेल्या असतानाच मी नकळत मानेवरून हात फिरवला. पुढे आमच्या मुलीच्या बारशाला तर त्यांनी कोण एक क्रूर सरदार याच तारखेला जन्मल्याची खबर आणली. माझ्या आईने पाळण्याची दोरी सोडून दिली. "लहानपणी तोही असाच गुटगुटीत होता म्हणतात," असं म्हणून त्यांनी वर मुलीचा गालगुच्चा घेतला. मला राग पटकन येतो, आणि त्या दिवशी तो चांगलाच आला होता. पण या माणसावर रागावून काही उपयोग नसे. त्यांच्या मनात कुणाचं वाईट नव्हतं. दुसऱ्याला फुलं द्यावीत तशा भावनेने ते तारखा देत.

त्यांची बायको म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. दोघी बहिणी कुही गावाकडच्या, धानाच्या शेतीतल्या. ताईंना तारखेचं काही सोयरसुतक नव्हतं. त्यांचं सगळं तिथीवर चाले. पेरणी, पापड, माहेरी जाणं, सासूचं श्राद्ध, सगळं भिंतीवरच्या पंचांगाच्या कॅलेंडरात बघून. नवऱ्याने सकाळी बादशहा सुरू केला, की त्या भांडी जरा जोरात घासत.

या ताईंच्या पोटात दुखायला लागलं. आधी त्यांनी ओवा खाऊन दिवस काढले, मग कळ इतकी वाढली की त्या चुलीपुढेच वाकल्या. धंतोलीतल्या सर्जननी सांगितलं, पित्ताशयात खडे आहेत, लवकर ऑपरेशन करू. त्यांनी शुक्रवारची तारीख दिली. साडू म्हणाले, "त्या दिवशी नको, डॉक्टरसाहेब." एक बादशहा त्याच तारखेला गेला होता. सर्जननी पुढची तारीख दिली. त्या तारखेला भूकंप झाला होता. तिसरीला एक मोठा कवी वारला होता, आणि तोही पोटदुखीने. आजवर साडूंच्या तारखा दुसऱ्यांसाठी असत, तेव्हा ती नुसती माहिती होती; ताईंची पाळी आली आणि त्या माहितीची त्यांना भीती वाटायला लागली. सर्जन चिडले. "आता आतमध्ये पू झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही. परवाची वेळ मोकळी आहे. नाहीतर दुसरा डॉक्टर बघा." परवाच्या तारखेलाही एक बादशहा होताच, दुसऱ्या कुठल्या तरी घराण्यातला.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन तावातावाने बोललो. माझी बायको रडायला लागली. साडू खाली मान घालून बसले होते आणि एकच म्हणत होते, "तारीख वाईट आहे साडभाऊ, मी काय करू?" ताई खाटेवर पडल्या होत्या. त्या कोपरावर उठल्या.

"काय जी, तो बादशा कोण्या तिथीले मेला?"

"तिथी?" साडू गोंधळले.

"हो, तिथी. तुमच्या मायचं श्राद्ध आपण तारखेनं करतो का?"

"नाही."

"काहून नाही?"

"मरण तिथीचं असते म्हणून."

"मंग सांगा ना. परवा त्रयोदशी आहे. त्रयोदशीले कोण मेलं?"

इतके राजे, इतके सेनापती साडूंच्या दिमतीला होते, पण त्यांतल्या एकाचीही तिथी त्यांना ठाऊक नव्हती. आईचं श्राद्ध ते स्वतः सोवळं नेसून तिथीने करत, त्यामुळे नाही म्हणायलाही जागा नव्हती. कॅलेंडरातल्या परवाच्या चौकोनावर बोट ठेवून ते म्हणाले, "बोलण्यात पॉइंट आहे."

परवाच्या सकाळी ताईंना आत नेलं. आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो. साडू बोलेनात. या माणसाची बडबड मी इतकी वर्षं ऐकली होती, पण ही शांतता मला सोसवेना, म्हणून मीच विचारलं, "आज काय झालं होतं, सांगा ना."

"काहीच आठवून नाही राहिलं," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "साडभाऊ, त्या बादशाचीही बायको अशीच बाहेर बसली असंल ना? मी कधी तिचा विचारच नाही केला." मी त्यांचा हात धरला.

शेवटी दार उघडलं. सर्जन हातात एक छोटी बाटली घेऊन आले. आत हरभऱ्याएवढे खडे होते. "झालं. सगळं चांगलं झालं," ते म्हणाले. मला एवढं हलकं वाटलं की ज्या माणसावर दोन दिवस दात ओठ खात होतो त्यालाच मी मिठी मारली. साडू रडत होते आणि हसतही होते. बाटली त्यांनी सर्जनच्या हातून प्रसादासारखी दोन्ही हातांनी घेतली. ताई शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो भिजत घातलेल्या डाळीचा.

पुढे दरवर्षी त्या तारखेला साडू आमच्याकडे संत्रा बर्फीचा डबा घेऊन येत. मी मुद्दाम विचारत असे, "आज काय झालं होतं?" बर्फीचा तुकडा माझ्या हातावर ठेवत ते म्हणत, "काही नाही. आज कोणीच मेलं नाही." त्या दुसऱ्या घराण्यातल्या बादशहाला त्यांनी कायमचं माफ करून टाकलं होतं.

साडू आता नाहीत. ताई त्यांचं श्राद्ध तिथीनेच करतात, आणि मी न चुकता जेवायला जातो. पण परवा सकाळी रिक्षातून उतरून त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या, हातात बर्फीचा डबा घेऊन. मी कॅलेंडर पाहिलं. तीच तारीख होती.

"ताई, तुमी तर तारीख मानत नाही ना?" मी विचारलं.

डबा माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "मी नाही मानत भाऊ. ते मानत होते."