एकशे त्रेचाळीस कागद

सकाळी आठ वाजता, साऱ्या इमारतीची वहिनी असलेल्या वहिनीच्या घरात कुणी कुणाचं ऐकत नसे. नवरा एक मोजा घालून दुसऱ्याच्या शोधात लंगडी घालत होता, लेक अर्धी वेणी घेऊन उभी होती, आणि दूध आज उतू जायचंच असा पण करून वर चढत होतं. वहिनीने गॅसकडे हात नेला आणि दारावर थाप पडली.

थाप कसली, टायपिंगच ते! वरच्या मजल्यावरच्या टायपिस्टमावशी दारसुद्धा दहाही बोटांनी वाजवायच्या. चौतीस वर्षं कचेरीत दुसऱ्यांची पत्रं टाइप केलेली बोटं ती, त्यांना एकेकट्याने काम जमतच नसे.

मावशी आत आल्या त्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला लॅपटॉप छातीशी धरून.

"अगं पोरी, छपाईवाल्याने परत पाठवलं! म्हणतो, एकशे त्रेचाळीस फायली कोण छापत बसणार? बारापर्यंत एक करून आणा, तरच तीनला पुस्तक."

"एकशे त्रेचाळीस?" नवऱ्याची लंगडी थांबली. "मावशी, पुस्तक लिहिलंत की कचेरी उघडलीत?"

"तुम्ही आधी मोजा शोधा, जावईबापू."

झालं होतं असं, की मावशींनी आपली जीवनकहाणी लिहिली होती. पण टाइपरायटरवर पान भरलं की कागद काढून दुसरा चढवायचा, ही सवय हाडात मुरलेली. तेव्हा इथेही पान भरलं की फाईल बंद, नवी उघड. वाक्य अर्धं लटकत राहिलं तरी बेहत्तर. फायलींची नावं १, २, ३ अशी थेट १४३ पर्यंत.

आणि घाई होती ती मोठ्या बाईंमुळे. मोठ्या बाई म्हणजे कचेरीतल्या साहेबीण. चौतीस वर्षं त्यांनी लाल पेन्सिलीने मावशींच्या चुकांना गोल केले आणि दर वेळी विचारलं, "एक तरी पान बिनचूक मिळेल का?" आज चार वाजता त्या आपल्या लेकीकडे कायमच्या निघणार होत्या, समुद्रापलीकडे. त्याआधी त्यांच्या हातात अख्खं बिनचूक पुस्तक पडायला हवं होतं.

"एवढंच ना?" वहिनी पदराला हात पुसत बसली. फायली ठेवायच्या-हलवायच्या प्रोग्राममध्ये तिने सगळ्या एकदम निवडल्या, 'जोडा' दाबलं, आणि एकशे त्रेचाळिसांची एक फाईल झाली. पानाला पान कसं जुळलंय ते दाखवायला ती ऐटीत सांधे मोठ्याने वाचू लागली.

"'मी जन्मले तेव्हा बाबांनी मला उचललं आणि साऱ्या गल्लीला ओरडून सांगितलं की या बाईच्या हातून स्वल्पविराम सुटतो, हिला कामावर घेऊ नका.'"

"अगं, ते मोठ्या बाई म्हणाल्या! मुलाखतीत!"

"'तरी मला घेतलं. पहिल्या दिवशी मी घाबरत कचेरीत पाऊल टाकलं आणि निरोपाचं घड्याळ घेऊन बाहेर पडले.'"

"चौतीस वर्षं गेली कुठे माझी?" मावशी कपाळाला हात लावत म्हणाल्या, पण हसण्याने त्यांचं पोट हलायला लागलं होतं.

वहिनीने खाली सरकून वाचलं, "'लग्नानंतर यांनी पहिल्यांदा माझा हात धरला आणि हळूच म्हणाले, हिचे पुढचे दोन्ही दात पडले, बोळकं बघा!'"

मग कुणालाच आवरेना. लेक जमिनीवर लोळली, नवरा सापडलेल्या मोज्याने डोळे पुसू लागला, आणि तेवढ्यात दुधाने आपला पण पुरा केला.

चूक यंत्राच्या बावळटपणाची होती. ते फायली मोजून लावत नव्हतं, नुसता डावीकडून एकेक आकडा बघून लावत होतं. एकनंतर दहा, दहानंतर शंभर, आणि बिचारा दोन एकोणिसाच्या मागे.

"पुढे शून्यं लावली की येईल वठणीवर," वहिनी म्हणाली. "एकचं शून्य शून्य एक करायचं. पण नव्व्याण्णव नावं बदलायची आहेत हो, मावशी."

"सरक."

मावशींनी खुर्ची ओढली, मान ताठ केली आणि बोटं सोडली. कळांकडे ढुंकूनही न बघता. कपातला चहा थरथरत होता आणि लेक तोंडाचा आ करून बघत होती. नऊच्या आत नव्व्याण्णवच्या नव्व्याण्णव झाली.

पुन्हा जोडलं. या वेळी बाबांनी ओरडून सांगितलं ते, 'मुलगी झाली!' वहिनीने पानाखाली पान लावून शेवटपर्यंत सांधे तपासले. वाक्यं जागच्या जागी, स्वल्पविरामसुद्धा. लाल पेन्सिलीला आज उपास.

"घ्या. बारा वाजायला भरपूर वेळ आहे." वहिनीने नीट फाईल पेन ड्राइव्हवर घेतली आणि पहिली, उलटीपालटी फाईल पुसायला बोट नेलं.

"थांब," मावशी म्हणाल्या. "ती पण घे. मोठ्या बाईंना नीट झालेली देऊ. पण या वेड्या फायलीची एक प्रत मला छापून हवी."