खिडकीकडे तोंड करून बसलेले आजोबा

तुम्ही दोघांनी आजोबांचा व्हिडिओ मागितलात. तो आहे, पण त्यात त्यांचा चेहरा नाही. का नाही ते आधी सांगते, नाहीतर सुरुवातीलाच कंटाळून बंद कराल.

नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. तुमची आई कॉलेजात होती. मैत्रिणीच्या भावाचा कॅमेरा आणून तिने आपल्या बाबांवर एक छोटी फिल्म केली. आजोबांची सगळी नोकरी नाशिकरोडला, नोटांच्या छापखान्यात गेली. छापलेला कागद उजेडात धरून त्यात दोष शोधायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतरही सवय सुटली नाही. विजेचं बिल असो की लग्नपत्रिका, हातात आलं की आधी खिडकीकडे धरायचे.

फिल्मची गोष्ट एवढीच. निवेदन नाही, संगीत नाही. कॅमेरा सतत त्यांच्या पाठीमागे, खांद्याच्या उंचीवर, म्हणून ते बघतात तेच आपण बघतो. उजेड समोरून येतो, त्यामुळे माणूस काळा दिसतो आणि हातातली वस्तू उजळते. पापडाचा शॉट नीट बघा. कॅमेरा हलत नाही, पापड तेवढा हळूहळू फिरतो, त्यातली मिरी दिसू लागते. मागून माझा आवाज येतो, "अहो, तो पापड आहे, नोट नाही."

"असू दे. पाहुण्यांत खपवणार तर तूच ना?"

शेवटचा शॉट मात्र वेगळा होता. आजोबा उठून अंगणात आले, उन्हात उभे राहिले आणि थेट कॅमेऱ्यात बघून हसले. "झालं का गं तुझं?" असं काहीतरी म्हणाले. दुसऱ्या कॅसेटवर फिल्म उतरवताना तुमच्या आईने तो शॉट गाळला. मी कारण विचारलं.

"आई, ते माझ्याकडे बघतात. मग बघणाऱ्याला कॅमेरा आठवतो आणि गोष्ट तुटते."

मी जन्मभर मुलांना इंग्रजी गोष्टी शिकवल्या. गोष्ट कुठे थांबवावी हे मलाही कळत होतं. तिचं बरोबर होतं, आजही आहे. मूळ कॅसेट कॅमेऱ्याबरोबर परत गेली आणि तिच्यावर त्या लोकांच्या घरचं बारसं चढलं. पुढच्या उन्हाळ्यात आजोबा गेले. फोटो पुष्कळ आहेत, पण सगळ्यांत ते ताठ, ओठ मिटलेले.

दिवसकार्यानंतर तुमची आई त्या घरी जाऊन ती कॅसेट बघून आली. बारसं पूर्ण पाहिलं, मागे काही उरलंय का म्हणून. तेव्हापासून तिने स्वतःची फिल्म पुन्हा लावली नाही.

आता मी ती सीडीवर करून घेतली आहे. बघताना आईलाही शेजारी बसवा. गाळलेल्या शॉटबद्दल विचारू नका. घरातलं माणूस गेल्यावर फिल्मचं कौतुक करायला कुणाला सुचणार? ते राहूनच गेलं. फिल्म चांगली आहे. तुम्हाला तशी वाटली, तर तिला तसं सांगा.