हात दाखव आदी

"हात दाखव आदी." मामाचं पैलं बोलणं हेच. रामराम नंतर.

वडवणीच्या अंगाला मामाचं शेततळं. मासळी काढायला आमी चौघं जायचो. पाण्यात उतरायच्या आदी मामा एकेकाचा पंजा उलटापालटा करून बघायचा. तुमाला वाटंल, ज्योतिषी हाय. मी इचारलं बी, "मामा, दुसरी बायको हाय का नशिबात?"

"पैली कावून टिकलीय, तेच बघतोय बे."

मासळीचा रोग जखमंतून माणसात शिरतो, हे मामाला पक्कं ठावं. ज्याला खरचटलंय त्यानं काठावर बसून समद्यांचा चहा करायचा. मग बाकीचे वरडणार, "सूनबाई, चहा आणा!"

एका खेपेला सोयाबीन कापताना माझ्या पंजाला इळा लागलता. सूनबाई व्हायची लाज. जखमंत तंबाखू-चुना दाबला, वरून चिखल थापला अन् पंजा पुढं केला.

"धुऊन ये," मामा म्हन्ला.

"तळ्यातच धुतो की!" म्हणत मी शाणा आत उतरलो.

तळ्यातल्या चिलापी मासळीच्या अंगावर लाल फोड आलते, म्हणूनच मामा तळं रिकामं करत हुता. जाळं वढताना एकीच्या पाठीचा काटा नेमका जखमंत घुसला. मी बोंबललो. मामा तसाच उघड्या हातानं आत शिरला, जाळ्यातून मला सोडवलं. त्याचे रबरी हातमोजे काठावरच राहिले.

सकाळी माझा पंजा भोपळ्यावाणी. लाल रेघ कोपरापतूर चढलेली. मामानं गाडीवर बीडला नेलं.

"काय लागलं?" डाक्टर.

"बाभळीचा काटा," मी. तिथंबी लाज!

"खोटं बोलतोय सायेब. मासा टोचलाय, अन् मासळी आजारी हाय."

डाक्टरचं तोंडच बदललं. "हात तोडू नका सायेब, ह्याच हातानं तंबाखू मळतो!" मी लेकरावाणी रडलो. मामा हसला. त्याच्या उजव्या हाताला टावेल गुंडाळलेला. मला वाटलं, ऐट.

दोन दिसांनी मामाला माझ्या शेजारच्याच खाटंवर आणलं. साखरेचा आजार त्याला आदीपासून. हात खांद्यापतूर काळानिळा. मी इचारलं, "मामा, काटा लागल्यालं बोलला कावून न्हाई?"

"तुझीच बोंब लई मोठी हुती बे."

तिसऱ्या दिशी खाट रिकामी. मी दोन्ही हात घेऊन घरी आलो.

आता तळ्याच्या काठावर मी उभा ऱ्हातो. "हात दाखव आदी," म्हन्तो. पोरं हसत्यात, "सूनबाईची सासू झाली!" मीबी हसतो. समद्यांचे पंजे बघून झाले की माझा आपसूक पुढं व्हतो, अन् तसाच ऱ्हातो.