पंपाचं तेल

आमच्या गवत कापायच्या मशीनमध्ये आता अगदी बरोबर तेल आहे. तीस नंबरचं, आणि झाकणाच्या पट्टीवर ज्या दोन खुणा असतात त्यांच्या मधोमध. धूर नाही, वास नाही, एकदा दोरी ओढली की सुरू. हे मी कुणाला कौतुकानं सांगायला जात नाही. कारण मग पुढचंही सांगावं लागतं, आणि पुढचं सांगायची मला लाज वाटते.

आई गेली आणि मी वडलांना सांगलीला घेऊन आलो. आटपाडीकडच्या माळावर थोरला भाऊ मेंढरं आणि डाळिंबाची बाग सांभाळतो, तिथं आबांना काही कमी नव्हतं, तरी मीच हट्ट धरला. आबा म्हणाले, "दसऱ्यापातूर बगतो. करमलं तर ऱ्हातो, न्हाई तर गप गावाकडं सोडायचं मला." त्यांना करमावं म्हणून मी टीव्ही लावून दिला, मारुतीचं देऊळ दाखवलं, घाटावर फिरवून आणलं. काही केल्या माणूस रमेना. दिवसभर फाटकाशी उभे राहून रस्त्याकडं बघत राहायचे.

मग एका सकाळी बघतो तर बंगल्यापुढच्या लॉनवर उकिडवे बसून विळ्यानं गवत कापतायत. डोक्याला पटका, शेजारी पोतं. मला बघून म्हणाले, "आयला, एवढं कवळं गवात, आन तुमी नुसतं बगायला लावलंय व्हय रं?" मेंढरांमागं चारा शोधत कृष्णाकाठापर्यंत पायी येणारा माणूस तो. त्याला शोभेचं गवत कसं पटणार? त्या दिवसापासून रोजचं कामच झालं. भाऊ डाळिंबं घेऊन मार्केटला आला की त्याच्या रिकाम्या पिकअपमधून पोतं गावाकडं जायचं. आईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली एक मेंढी होती, तिच्यासाठी कवळं गवत वेगळं बांधलेलं असायचं. आबा भावाला फोनवर बजावायचे, "आदी तिला घाल, मग बाकीच्यास्नी." त्यांना भूक लागायला लागली, झोप लागायला लागली. बायको म्हणाली, "मामा राहतात बघा आता." माझा जीव भांड्यात पडला.

आणि मग मीच माती खाल्ली.

समोरच्या बंगल्यात एक गृहस्थ नवीनच राहायला आले होते. संध्याकाळी ते फाटकापाशी थांबले, लॉनकडं बघून मान डोलावली आणि म्हणाले, "तुमचा माळी फार निगुतीनं काम करतो हो. मोकळा असेल तर आमच्याकडेही पाठवा ना." आबा जरा पलीकडं पाठमोरे बसले होते. ते माझे वडील आहेत, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं नाही. हसलो. हो, चक्क हसलो, आणि म्हणालो, "बघतो, विचारतो त्याला." त्याला! जन्मदात्या बापाला! आबांना एका कानानं कमी ऐकू येतं, असं मी रात्री अंथरुणात पडून स्वतःला पुन्हा पुन्हा समजावलं.

त्याच आठवड्यात मशीन आणलं. रविवारी आमच्या बँकेतले साहेब सहकुटुंब चहाला यायचे होते, त्यांनीही माळ्याची चौकशी केली तर काय करायचं, ही धास्ती. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "हे फोर स्ट्रोक आहे साहेब, तेल वेगळं भरायचं. तीस नंबर देऊ का?" दुकानात गर्दी होती, आणि चार लोकांत कुणी मला शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. "माहीत आहे हो! लहानपणापासून फवारणीचा पंप चालवलाय मी. द्या पंपाचंच तेल." आमच्याकडं डाळिंबवाल्याच्या घरी पाळण्यातलं पोरगंसुद्धा पंप ओळखतं, आणि पंपाची रीत एकच, तेल पेट्रोलमध्ये कालवायचं. "बघा बुवा," म्हणत त्यानं बाटली पुढं केली.

रविवारी सकाळी मी पेट्रोलमध्ये तेल कालवलं. मग इंजिनाला आणखी एक झाकण दिसलं. उघडलं तर आत ठणठणीत कोरडं. तेल जास्त झालं म्हणून कुठं काय बिघडतंय, असं म्हणून उरलेली बाटली तिथं गळ्यापर्यंत ओतली. आबा पोतं घेऊन शेजारी उभेच होते. म्हणाले, "लेका, गवताला त्येलाचा वास न्हाई न्हवं लागायचा? मेंढराचं नाक लय तिखाट असतंय."

"नाही हो लागत! तुमी आत जावा आबा, पावणे यायचेत. आणि ते पोतं मागं न्या आधी."

दोरी ओढली आणि गल्लीभर पांढरा धूर झाला. मशीन ठसकत होतं, तेलाच्या पिचकाऱ्या गवतावर उडत होत्या, आणि मी शहाणा बंद करायचं सोडून रेटतोय! निम्म्या लॉनवर ते आपोआप बंद पडलं. साहेब येऊन चहा पिऊन गेले. गवताकडं त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. ते गेल्यावर आबांनी कापलेलं सगळं गवत पोत्यात भरलं, हातानं चाचपून, जरा बरं दिसलं ते वर.

पोतं गावाला पोचलं आणि भावाचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, आबा समोर जेवत होते. "आरं काय घातलंयस त्या गवतात? तिनं हुंगलं आन त्वांड फिरवलं की!" आबांनी ताटातली भाकरी संपवली, हात धुतले. भावाच्या पुढच्या फेरीला विळा पटक्यात गुंडाळून पिकअपमध्ये पुढं जाऊन बसले. दसरा अजून लांब होता.

मेकॅनिकनं सगळं तेल काढून इंजिन धुतलं, नवं भरलं, मशीन सुधारलं. पण ते चालवायला माझा हात धजेना. लॉन मुद्दाम वाढू दिलं. गवत पोटरीला लागलं तेव्हा आबांना फोन केला. म्हटलं, "आबा, गवत लय वाढलंय. मशीन लावलेलं न्हाई, तेलाचा थेंब न्हाई. या की कापायला."

पलीकडं मेंढरांचा गलका ऐकू येत होता. आबा हसले. रागानं नाही, नेहमीसारखेच हसले.

"मशीन लाव की लेका. आता माळी कशाला लागतोय तुला?"