खारा बांगडा, अळणी घर

डॉक्टरांनी बाबांचं मीठ तोडलं आणि आमच्या घोडपदेवच्या चाळीतल्या खोलीत सुतक आल्यासारखं झालं. पापड गेला, लोणचं गेलं, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे खारा बांगडा गेला. आमच्या कोकणी घरात गरम पेज आणि भाजलेला खारा बांगडा म्हणजे नुसतं खाणं नव्हे. ताप उतरला की तोच, परीक्षा संपली की तोच, बाबांची कंपनी बंद पडली त्या रविवारीही तोच. तो भाजायला लागला की पोटाआधी नाकालाच कळायचं, आता सगळं ठीक होणार.

बाबांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसतेच कमी जेवू लागले. दोन घास खायचे, "पोट भरला" म्हणायचे आणि ताट सरकवायचे. हळूहळू त्यांचा सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. मी वरवर करवादत होते, पण आतून पुरती घाबरले होते.

शेवटी मीच डॉक्टरांना गळ घातली. मीठ नीट काढून, कधीतरी एखादा तुकडा चालेल, एवढी सवलत मिळाली. मग रविवारी बांगडा तासभर भिजवला, पाणी बदललं, भाजला, वर कच्चा कांदा, ओलं खोबरं घातलं आणि लिंबू पिळलं. दार-खिडक्या मात्र गच्च लावल्या. बाबांचं बीपी अख्ख्या मजल्याला तोंडपाठ होतं. वास बाहेर गेला असता तर गॅलरीत पंचायतच बसली असती.

बाबांनी एक घास घेतला. "ह्यात मीठ खंय?" म्हणाले आणि ताट सरकवलं. मला तर तो बांगडा उचलून डॉक्टरांच्या डोक्यात घालावासा वाटला.

पुढच्या रविवारी पुन्हा तोच घाट. पण या खेपेला धुराने आमचेच डोळे चुरचुरायला लागले. आईने वैतागून दार सताड उघडलं. वास गॅलरीत गेला मात्र, शेजारचे काका आपली पेजेची वाटी घेऊन दारात हजर! बाबांचे चाळीतले जुने सोबती. पंचायत राहिली बाजूला.

"काय रे, एकटोच खातंस?" काका म्हणाले.

बाबांचा चेहरा असा खुलला, की मला रडूच आलं. त्यांनी तुकडा मोडला, मोठा भाग काकांच्या वाटीत टाकला आणि उरलेल्या नखभर बांगड्यावर दोन वाट्या पेज ओरपली. गावच्या एका खाष्ट म्हशीवरून दोघे खोकला येईपर्यंत हसले.

"आज मीठ बरोबर पडला," बाबा बोटं चाटत म्हणाले.

आईने माझ्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावला. तासाभरासाठी भिजवलेला बांगडा बाहेर काढायला आम्ही दोघी विसरलो होतो, म्हणून त्या दिवशी तो आदल्या रात्रीपासून पाण्यातच पडून होता.