गळ्याशी आलं

गल्लीत तिला सगळे ‘रेडिओ’ म्हणत. बायकांचे कपडे शिवायचा धंदा. पायाखालचं मशीन आणि तोंडाचा पट्टा, दोन्ही एकदमच सुरू व्हायची. ओठांत टाचण्या धरूनही ती गिऱ्हाइकाच्या सासूची चौकशी करायची. एका संध्याकाळी सून वैतागून म्हणाली, आई, घटकाभर तरी तोंड मिटा. आणि दुसऱ्याच सकाळी रेडिओ बंद.

झालं होतं भलतंच. चहाचा पहिला घोट गिळताना जिभेच्या मुळापासून थेट कानापर्यंत वीज कडाडली होती. मग थुंकी गिळली तरी वीज, जांभई दिली तरी वीज, बोलायला जीभ हलली की वीज. घरात मात्र एकच अर्थ निघाला: म्हातारीने अबोला धरलाय. सून विनवायला आली तेव्हा तिने गळ्याला आडवा हात लावून दाखवला, इथे दुखतंय म्हणून. सुनेला वाटलं, आई म्हणताहेत, तुझं वागणं आता गळ्याशी आलंय. डोळे पुसत ती आत गेली. मुलाने, दोघींच्या मध्ये कोण पडणार, म्हणून काढता पाय घेतला.

जेवण सुटलं. अंगावरचे कपडे लोंबायला लागले. शेवटी सुनेनेच हट्टाने पाणी पाजलं, तर एका घोटासरशी म्हातारीने खुर्चीतच मान टाकली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर चित्र दाखवलं. मेंदूतून घशाकडे, जिभेच्या मुळाकडे जाणारा एक मज्जातंतू. त्याला चिकटलेली रक्तवाहिनी दर ठोक्याला त्याला घासत होती. म्हणून ही कळ. त्याच तंतूचं हृदयाशीही संधान, म्हणून जोराची कळ आली की ठोके मंदावतात आणि माणूस कोसळतो. गोळ्यांनी भागलं नाही तर ऑपरेशन करून मध्ये मऊ तुकडा बसवायचा.

म्हातारी बघतच राहिली. जन्म दोरे ओवण्यात गेला, पण गिळणं, बोलणं आणि काळीज एवढ्याशा दोऱ्याने टाचलेलं असतं, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिने सुनेच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढली: अस्तर. सून रडता रडता हसली.

गोळ्यांनी भागलं नाही. ऑपरेशन झालं, आणि एका सकाळी सुनेने चमच्याने पाणी दिलं. म्हातारीने ते तोंडातच धरलं. डोळे गच्च, मुठीत चादर. मग गिळलं.

“गेलं,” ती पुटपुटली.

“काय गेलं, आई?” सून घाबरली.

“पाणी गं. आपलं आपण खाली गेलं.” तिने पुन्हा तोंड उघडलं. “आता हळू दे. नीट लक्ष देऊन गिळते.”