नळ्या काढल्या का?

रंगनाथ म्हणजे राहुरीकडचा, मुळा कालव्यावरचा पाटकरी. चारीला, म्हणजे शेताकडं जाणाऱ्या लहान पाटाला, पाणी सोडायचं आणि ज्याची पाळी त्यालाच द्यायचं. साखर कारखान्याचा संचालक अंगावर धावून आला तरी गडी हलायचा नाही. "आज भीमाची पाळी हाय. तुमची परवा." संपलं! रंगनाथ खोटं बोलला, असं म्हणणारा माणूस पंचक्रोशीत सापडायचा नाही. छबूबाईला नवऱ्याचा त्याच गोष्टीसाठी लई अभिमान.

नोकरी संपली आणि लघवीतून रक्त जायला लागलं. कॅन्सर निघाला. नगरच्या दवाखान्यात मूत्राशयच काढलं, पोटावर लघवीला नवी वाट केली, वर पिशवी लावली. त्या वाटेतून दोन बारीक नळ्या पिशवीत उतरत. "आतले जोड भरून आले की नळ्या काढू, पंधरवड्यानं या," डॉक्टर रंगनाथला म्हणाले. छबूबाई तेव्हा औषधं आणायला खाली गेलेली.

घात झाला तो तिथंच. आमच्याकडं 'नळ्या काढल्या' कधी म्हणतात, ठाऊक आहे ना? डॉक्टरांनी हात टेकले, माणूस घरी न्या म्हणाले, की मग. रंगनाथचा थोरला भाऊ बिभीषण असाच नळ्या काढून घरी आणला, तो उंबऱ्यातच गेला. रंगनाथच्या डोळ्यांदेखत.

"डॉक्टर काय म्हनले?" छबूबाईनं विचारलं.

"नळ्या राहू द्या म्हनले. परत बोलावलं न्हाई."

तिनं विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

पुढं कितीतरी आठवड्यांनी थंडी वाजून ताप भरला, पिशवीत लघवी उतरेना. छबूबाईनं जीप करून नगर गाठलं. डॉक्टर हबकलेच. "अहो, पंधरवड्यानं या म्हणून सांगितलं होतं यांना! या नळ्या जोड भरेपर्यंतच ठेवायच्या असतात. आता आत गाळ साचून तुंबल्यात. विष रक्तात गेलंय."

गाळ! जन्मभर लोकांच्या चाऱ्यांतला गाळ काढला बाबानं. छबूबाईनं कपाळावर हात मारून घेतला. अरे देवा, भ्या वाटत हुतं तर एका शब्दानं मला सांगायचं की हो!

नळ्या लगेच काढल्या. पण उशीर झाला होता. ताप हटेना, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन नुसती मान हलवली.

संध्याकाळी रंगनाथनं डोळे उघडले. त्याचा हात पोटाकडं निघाला, तो छबूबाईनं मधेच धरला.

"छबू, नळ्या काढल्या का गं?"

"न्हाई वो. दोनीबी हायेत."

"मग भ्या न्हाई," असं म्हणून त्यानं डोळे मिटले.

छबूबाईनं त्याचा हात सोडला नाही. सोडला असता तर तो पोटावर गेला असता.